एनसीएलटीतलं भिजत घोंगडं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये, जाते म्हणजे नेमकं काय होतं यावर आम्ही दोन पानं लिहिली होती. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की मोजायचं सोडून दिलं, आणि जवळपास सगळ्यांचा सूर एकच, "अहो आत गेली ते कळलं, पण बाहेर कधी येणार?" म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यावरच.

ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी चार ओळी. २०१६ चा दिवाळखोरी कायदा म्हणजे आयबीसी. कंपनीनं पैसे थकवले की बँक किंवा सप्लायर एनसीएलटीत जातो, अर्ज दाखल करून घेतला की कंपनीवर मोरेटोरियम लागतं, म्हणजे कोणी दावा लावायचा नाही, जप्ती आणायची नाही, मशीन उचलून न्यायचं नाही. मालक बाजूला होतो, आरपी म्हणून एक प्रोफेशनल माणूस कारभार बघतो, आणि बँकांची कमिटी ठरवते की आलेल्या बोलीतली कुठली घ्यायची. कोणीच आलं नाही तर लिक्विडेशन, साध्या भाषेत मोडीत. पत्रं पाठवणाऱ्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं नेहमीसारखी गाळली आहेत.

आमचं सहा माणसांचं मशीनिंगचं युनिट आहे. एक जुना कस्टमर अडीच वर्षांपासून एनसीएलटीत आहे आणि आमचे ३८ लाख त्यात अडकलेत. आता तिथले आरपी म्हणतात माल चालू ठेवा, कोर्टाचं संरक्षण आहे, पैसे बुडणार नाहीत. चालू ठेवू का? — एक वाचक, भोसरी

दादा, संरक्षण आहे हे खरं, पण ते कोणाला आहे? ते कंपनीला आहे, आणि तुमच्यापासून आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

तुमची दोन खाती झाली असं धरा. जुने ३८ लाख हे एक खातं, त्याचा क्लेम तुम्ही फॉर्म बी भरून दिलाय का ते पत्रात लिहिलं नाहीत, नसेल तर आजच आरपीला फोन करा, हे वाचून संपायच्या आधी. दुसरं खातं म्हणजे अर्ज दाखल करून घेतल्यानंतर दिलेला माल. तो सीआयआरपीच्या, म्हणजे या दिवाळखोरीच्या प्रक्रियेच्या, खर्चात धरतात आणि हा खर्च सगळ्यांच्या आधी फेडायचा असं कायद्यातच आहे. आरपी जे म्हणतात ते या खात्यापुरतं चूक नाही. फक्त एक गोष्ट ते बोलत नाहीत, "सगळ्यांच्या आधी" म्हणजे "लवकर" नव्हे. रांगेत तुमचा नंबर पहिला आहे पण खिडकी उघडायची आहे दोन वर्षांनी, आणि तोपर्यंत जीएसटी तुम्ही तुमच्या खिशातून भरणार, कच्च्या मालाचे पैसे रोख मोजणार. शिवाय आतमध्ये रोजचा खर्च भागवायला पैसेच उरले नाहीत तर पहिला नंबर घेऊन काय लोणचं घालायचं? म्हणून माल द्या पण आगाऊ पैसे घेऊन द्या, नाहीतर आठवड्याच्या हिशेबावर द्या, आणि मागचं बिल चुकलं की पुढचा टेम्पो भरायचा नाही. तुमचा माल कंपनी चालू ठेवायला अत्यावश्यक आहे असं आरपीनं ठरवलं तर तुम्हाला तो असा अचानक बंद करता येत नाही, पण ती अट तुमचे चालू पैसे वेळेवर मिळत असतील तेवढीच. आणि एक चूक करू नका, नवीन बिलाचे आलेले पैसे जुन्या ३८ लाखांत वळते करून घेऊ नका, ते चालत नाही.

आता अडीच वर्षांबद्दल. लोकांना वाटतं कंपनी कोर्टात आहे म्हणजे जशी होती तशी ठेवली आहे, फडताळातल्या भांड्यासारखी. अजिबात नाही. मी बँकेच्या वसुली खात्यात असताना अशाच एका फॅक्टरीत तीन वेळा गेलो होतो, पहिल्यांदा अर्ज दाखल झाल्यावर दीड महिन्यात आणि शेवटचं तीन वर्षांनी. पहिल्या वेळी कॅन्टीन चालू होतं, चहा मिळाला. टूलरूमचा हेड स्वतः फिरवून दाखवत होता, कुठला डाय कुठल्या कस्टमरचा ते त्याला तोंडपाठ, रॅकवर खडूनं लिहिलेलं होतं पण त्याच्याकडे न बघता सांगायचा. दुसऱ्या वेळी तो नव्हता, चाकणला दुसरीकडे लागला होता, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्याच्याबरोबर तिघं गेले होते, अर्थातच जे चांगले होते तेच तिघं, कारण ज्याला बाहेर नोकरी मिळते तो आधी जातो. तिसऱ्या वेळी गेटवर एक वॉचमन आणि एक रजिस्टर. आत ट्रान्सफॉर्मरमधलं ऑइल कोणीतरी काढून नेलेलं, केबल ट्रे रिकामे, तांबं गेलेलं. डाय रॅकवरच होते, गंजून एकमेकांना चिकटलेले, आणि खडूचं लिखाण पावसाच्या ओलीनं पुसलेलं. आमच्या व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये मशीन तेवढीच होती, नगास नग. कागदावर फॅक्टरी हललीच नव्हती!

तुमच्या कस्टमरचे कस्टमर त्याला सोडून गेलेत का ते शोधा. मोठ्या गाडी कंपन्या पार्टला दुसरा सोर्स उभा करतात, सहा-आठ महिन्यांत अप्रूव्हल होतं आणि एकदा गेलेलं शेड्यूल परत येत नाही. डिस्पॅचच्या गाड्या आठवड्याला किती निघतात हे तुम्हाला गेटसमोरचा चहावाला सांगेल, आरपी सांगणार नाही. गाड्या कमी होत चालल्या असतील तर ३८ लाख मनातून सोडा. कारण तुम्ही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे कर्जाचे नाही तर मालाचे पैसे अडकलेले, आणि प्लॅनमध्ये, म्हणजे मंजूर होणाऱ्या बोलीत, तुम्हाला निदान तेवढं द्यावं लागतं जेवढं कंपनी मोडीत काढली असती तर तुमच्या वाट्याला आलं असतं, आणि मोडीच्या रांगेत तुमच्यापुढे बँका, कामगार, सरकार असे सगळे उभे असतात, त्यामुळे तो आकडा बहुतेक वेळा भोपळा असतो.

कायद्यात ३३० दिवसांची मुदत आहे असं क्लासमध्ये शिकवलं. मग जेट एअरवेजला पाच वर्षं कशी लागली? आणि लागली तर बिघडलं काय, शेवटी बोली तर मंजूर झाली होती ना? — एक सीए विद्यार्थिनी, नाशिक

मुदत आहे. मुळात १८० दिवस अधिक ९०, मग २०१९ मध्ये दुरुस्ती करून कोर्टबाजी धरून ३३०. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्सार स्टीलच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे सक्तीचं धरता येणार नाही, पक्षकाराचा दोष नसताना कोर्टामुळे उशीर झाला तर मुदत वाढू शकते. कोर्टाचा विचार बरोबर होता, चांगली बोली चार दिवसांसाठी फेकून द्यायची का? पण आपल्याकडे अपवाद म्हणून ठेवलेलं दार कसं वापरतात ते तुम्हाला माहीतच आहे, घरात मागच्या दाराची सवय लागली की पुढच्या दाराला जाळी धरते.

जेटचं सविस्तर सांगतो, कारण याहून चांगलं उदाहरण नाही आणि सगळं आपल्या मुंबईत घडलं. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे त्यांचं शेवटचं. त्याच्या काही महिने आधी यांच्याकडे १२० च्या आसपास विमानं होती, बहुतेक भाड्याची. २० जून २०१९ ला स्टेट बँकेचा अर्ज मुंबईच्या एनसीएलटीनं दाखल करून घेतला. इथे बघा, कंपनी आत गेली तेव्हाच बंद होती, दोन महिने. भाड्याची विमानं मालक घेऊन गेले. मुंबई-दिल्लीचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवायच्या-उडवायच्या वेळा, सरकारनं दुसऱ्या विमान कंपन्यांना तात्पुरत्या म्हणून दिल्या, आणि तात्पुरत्या दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं ते शेजाऱ्याला शिडी देणाऱ्या कुणालाही विचारा. पायलट इंडिगोत, आखातात, जिथे मिळेल तिथे गेले, त्यांना बसून राहता येतच नाही कारण उड्डाण चालू नसेल तर लायसन्सच्या अटीच पुऱ्या होत नाहीत.

ऑक्टोबर २०२० मध्ये बँकांनी जालान-कालरॉक या गटाची बोली मान्य केली, २२ जून २०२१ ला एनसीएलटीनं शिक्का मारला. म्हणजे तुम्ही म्हणता ती मंजुरी. त्यात जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येणार नाही हे स्पष्ट झालं होतं. प्लॅन ४,७८३ कोटींचा, पहिला हप्ता ३५० कोटी. मे २०२२ मध्ये उड्डाणाचं सर्टिफिकेट परत मिळालं, त्यासाठी विमान प्रत्यक्ष उडवूनही दाखवलं, पेपरात फोटो आले. आणि मग काय, भांडण! बँका म्हणतात आधी पैसे, हे म्हणतात आधी ताबा. त्यांनी २०० कोटी भरले, उरलेले १५० बँक गॅरंटीतून वळते करून घ्या म्हणाले, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२४ मध्ये नाही म्हटलं, मार्चमध्ये अपील ट्रिब्युनलनं ताबा द्या म्हटलं, परत सुप्रीम कोर्ट, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला लिक्विडेशनचा हुकूम. भरलेले २०० कोटी जप्त, गॅरंटी वटवायची.

बिघडलं काय विचारलंत. २०१९ च्या जूनमध्ये हीच कंपनी लगेच मोडीत काढली असती तर जे काही मिळालं असतं त्यातला मोठा भाग पाच वर्षांत पार्किंग, सिक्युरिटी, वकील आणि देखभाल यांनी खाल्ला. उभी राहिलेली विमानं ही उभ्या राहिलेल्या स्कूटरसारखी नसतात, तिला किक मारली तर होते चालू. विमानाला न उडताही दर काही दिवसांनी मेंटेनन्स लागतो, नाही केला तर ते भंगाराच्या भावाकडे जातं. आणि यात जो पैसा संपतो तो कुणाचा? कमिटीतल्या बँकांचा थोडा, पण त्यांनी ते कर्ज आधीच बुडीत धरून तरतूद केलेली असते, म्हणून तर अजून एक तारीख पडली तरी त्यांच्या पोटात दुखत नाही. दुखतं ते कमिटीत ज्याला खुर्चीच नाही त्याला, म्हणजे कामगार, सप्लायर, आगाऊ तिकीट काढलेले लोक. माझं ठाम मत हेच आहे, उशीर कधी फुकट नसतो, फक्त त्याचं बिल वेगळ्याच पत्त्यावर जातं.

एस्सार स्टीलला पण ३३० पेक्षा कितीतरी जास्त लागले, ऑगस्ट २०१७ ते डिसेंबर २०१९, ८६६ दिवस. तरी आर्सेलरमित्तलनं ४२,००० कोटी मोजले आणि बँका खूश. का? हजिराची भट्टी चालूच होती. पोलाद बनत होतं, विकलं जात होतं, कामगार गेटमधून आत जात होते. तेव्हा परीक्षेत "उशीर = नुकसान" असं सरसकट लिहू नका. किती दिवस आत आहे यापेक्षा आत असताना धंदा चालू आहे का हे आधी बघायचं. आपल्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनचं उलटं झालं. २०१८ मध्ये आत गेली, जून २०२१ मध्ये २,९६२ कोटींची बोली मंजूर झाली, आणि मान्य झालेले क्लेम ६४,००० कोटींच्या वर. रुपयाला पाच पैसेसुद्धा नाहीत. शिक्का मारतानाच ट्रिब्युनलनं नाराजी बोलून दाखवली होती, पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती मंजुरीच रद्द झाली. पैठण रोडवर चितेगावचा प्लांट ज्यांनी भर शिफ्ट सुटताना बघितलाय त्यांना या पाच पैशांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

अजून एक, गो फर्स्ट. यांनी २ मे २०२३ ला स्वतःच अर्ज केला, १० मे ला दाखल झाला. विमानांचे परदेशी मालक म्हणतात आमची विमानं द्या, मोरेटोरियम म्हणतं देता येणार नाहीत. वर्षभर ५४ विमानं अडकून पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनं विमानांना मोरेटोरियममधून वगळलं, एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये लिक्विडेशन. तोपर्यंत मोडीत काढायला तरी काय उरलं होतं म्हणा.

एनसीएलटीतल्या एका कंपनीचा शेअर ३ रुपयांना मिळतोय. ग्रुपवर सगळे म्हणतात नवीन मालक आला की ५० होणार. घेऊ का? — इचलकरंजी

नको.

थोडं जास्त लिहितो नाहीतर तुम्ही रागावाल. नवीन मालक येतो तो कंपनी घेतो, तुमचा शेअर नाही. बहुतेक प्लॅनमध्ये जुने शेअर रद्द होतात किंवा शंभराचा एक होतो. शेअर रोज स्क्रीनवर हलतोय म्हणून त्यात जीव आहे असं नाही, जेटचा शेअरसुद्धा विमानं बंद असताना वर्षानुवर्षं बाजारात फिरत होता, वर जात होता खाली येत होता, २०२४ च्या निकालानंतर ट्रेडिंग थांबलं. ग्रुपवाल्या ॲडमिननं स्वतः किती घेतलेत आणि कधी विकणार ते त्याला विचारा.

मी मिशिगनला असते. इथल्या दिवाळखोरी कायद्यात, चॅप्टर ११ मध्ये, कंपनीचं मॅनेजमेंट जागेवरच राहतं आणि कंपन्या नव्यानं उभ्या राहतात. आपल्याकडे मालकाला काढतात म्हणून घोळ होतो असं नाही का?

ताई, तुमच्याकडेही घोळ झालेत आणि मोठे झालेत. मालकाला ठेवण्याचा फायदा आहेच, धंदा त्याला कळतो, कस्टमर त्याला ओळखतात. पण खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःहून उठत नाही, आणि दुसऱ्याच्या पैशावर नशीब आजमावायचं असेल तर शहाणा माणूससुद्धा अजून एक डाव टाकतो.

ईस्टर्न एअरलाइन्स आठवते का बघा, तुमच्या ओळखीतल्या जुन्या लोकांना नक्की आठवेल. मार्च १९८९ मध्ये मेकॅनिकांचा संप झाला आणि पाच दिवसांत, ९ मार्चला, मालक फ्रँक लोरेन्झो कंपनी घेऊन न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी कोर्टात. पहिलं आश्वासन काय, तर घेणेकऱ्यांना पूर्ण पैसे मिळतील. एकेक मालमत्ता विकली, न्यूयॉर्कची शटल सेवा ३६.५ कोटी डॉलरला डोनाल्ड ट्रम्प यांनी घेतली, हो तेच. विक्रीचे पैसे घेणेकऱ्यांसाठी बाजूला ठेवलेले असायचे आणि तोटा भरायला कंपनी कोर्टाकडे त्यातूनच मागायची, आणि न्यायाधीश द्यायचे, कारण विमान कंपनी चालू राहिली पाहिजे, प्रवाशांची सोय, हजारोंच्या नोकऱ्या, सगळं पटण्यासारखं. प्रत्येक वेळचं मागणं तेवढ्यापुरतं रास्त वाटायचं. आश्वासन पूर्णवरून निम्म्यावर आलं, मग त्याहून खाली. एप्रिल १९९० मध्ये लोरेन्झोला काढून कोर्टानं ट्रस्टी बसवला, त्यानंही खर्चाला पैसे घेतले. जानेवारी १९९१ मध्ये विमानं कायमची खाली. जवळपास दोन वर्षं त्यांनी घेणेकऱ्यांच्या पैशांवर विमानं उडवली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही.

आणि वाचलेल्या कंपनीचं उदाहरण घ्यायचं तर युनायटेड. ९ डिसेंबर २००२ ला आत, १ फेब्रुवारी २००६ ला बाहेर, ३८ महिने. कंपनी आज जोरात आहे, खरंय. पण मध्ये २००५ मध्ये कामगारांच्या चार पेन्शन योजना त्यांनी सोडून दिल्या, ९.८ अब्ज डॉलरची तूट, सरकारी पेन्शन विमा संस्थेच्या गळ्यात, आणि त्या संस्थेच्या मर्यादेवरची पेन्शन ज्यांची होती त्यांची ती कापली गेली. वकील-सल्लागारांची बिलं ३० कोटी डॉलरच्या वर. त्याच वर्षी तुमच्या संसदेनं कायदा बदलला, आधी कंपनीला स्वतःचाच प्लॅन आणायची मक्तेदारी कोर्टाकडून कितीही वाढवून मिळायची, ती १८ महिन्यांवर आणली. अमेरिकेलाही कळलं होतं की हे घोंगडं भिजत पडतं.

माझे वडील गिरणीत होते. "गिरणी बीआयएफआरमध्ये गेली" हे वाक्य आमच्या घरात मी पंधरा वर्षं ऐकलं, त्याचा अर्थ मला आजही कोणी नीट सांगितलेला नाही. — लालबाग

पत्र वाचून थोडा वेळ बसून राहिलो. सांगतो.

१९८५ मध्ये आजारी उद्योगांचा कायदा आला, सिका. १९८७ पासून त्याचं बोर्ड दिल्लीत चालू झालं, ते बीआयएफआर. तोटा एवढा झाला की कंपनीचं भांडवल आणि गंगाजळी सगळी पुसली गेली, की कंपनीनं बोर्डाकडे जायचं आणि "आम्ही आजारी" म्हणून नोंद करायची. नोंद झाली आणि चौकशी चालू झाली की कलम २२ लागू. त्यात बोर्डाच्या परवानगीशिवाय कोणी वसुलीचा दावा करायचा नाही, जप्ती नाही, कंपनी बंद करायचा अर्ज नाही. आजच्या मोरेटोरियमसारखंच, पण दोन मोठे फरक. एक, मालक खुर्चीवर तसाच. दोन, मुदत नावाची गोष्टच व्यवहारात नव्हती. योजना तयार करा, ती फसली, परत योजना, त्यावर अपील, परत बोर्ड. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या वसुली खात्यात बीआयएफआरच्या फायलींचं एक वेगळं कपाट होतं आणि त्याला कुलूप नव्हतं, कारण ते उघडायला कोणी जायचंच नाही.

आजारी राहणं हाच मग धंदा झाला काही जणांचा. सगळ्यांचा नाही, काही गिरण्या खरोखरच गेल्या होत्या, १९८२ च्या संपानंतर त्या उठल्याच नाहीत. पण मुंबईत गिरणीखाली जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं बीआयएफआरच्या पुनर्वसन योजनेचा भाग म्हणून आजारी गिरणीला जमीन विकसित करायची, विकायची वाट उघडली. त्यातला पैसा कामगारांची देणी आणि गिरणी परत उभी करणं याला लागावा असा हेतू. आता विचार करा, एकीकडे साचे दरवर्षी जुने होतायत आणि दुसरीकडे लोअर परळच्या जमिनीचा भाव दरवर्षी चढतोय, आणि बोर्डाच्या आडोशाला थांबायला कोणी मुदत घातलेली नाही. थांबण्यात तोटा कोणाचा होता? तुमच्या वडिलांचा. म्हणून ते वाक्य पंधरा वर्षं चाललं.

१ डिसेंबर २०१६ ला सिका रद्द झाला, पडून असलेली प्रकरणं संपली, हवं तर १८० दिवसांत एनसीएलटीत या म्हणून सांगितलं. नव्या कायद्यात मुदत घातली आणि मालकाला बाहेर काढलं ते या अनुभवावरूनच. मुदतीचं काय झालं ते वरच्या उत्तरात आलंच आहे.

लवासात २०११ ला फ्लॅट बुक केला होता. आता काय स्थिती? — पुणे (अशी एकूण चार पत्रं)

थोडक्यात, ऑगस्ट २०१८ मध्ये एनसीएलटीत, जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटींचा प्लॅन मंजूर, ठरलेले पैसे आले नाहीत म्हणून २०२४ मध्ये तो मोडला आणि पाटी तेव्हा परत कोरी झाली. फ्लॅटवाले फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे बँकांसारखे पैसे दिलेले घेणेकरी, धरले जातात, तुम्हाला कमिटीत प्रतिनिधी असतो, त्याचे मेल वाचा आणि मतदानाला मत द्या, चारपैकी तिघांनी ते कधी दिलेलं नाही असं पत्रावरून दिसतं.

मी ऑपरेटर आहे. कंपनी २० महिन्यांपासून एनसीएलटीत आहे. त्याच्या आधीचा पाच महिन्यांचा पगार थकलाय, आता अर्धा पगार मिळतो. युनियनवाले म्हणतात थांबा, नवीन मालक येतोय. थांबू का सोडू? — वाळूज

सोडायचं का ते तुमचं घर बघून तुम्ही ठरवा, मी एवढंच सांगतो की थांबण्याचा खर्च तुम्हाला दिसतो त्यापेक्षा जास्त आहे, आणि याबद्दल युनियनच्या लोकांनाही बऱ्याचदा माहिती नसते.

कंपनी मोडीत निघाली तर कामगारांच्या देण्याला चांगला नंबर आहे, बँकांच्या बरोबरीनं. पण किती दिवसांच्या देण्याला? २४ महिन्यांच्या. आणि हे २४ महिने मोजायचे कुठून, तर लिक्विडेशनचा हुकूम होतो त्या तारखेपासून मागे. कंपनी आत गेली त्या तारखेपासून नाही! आता तुमचं गणित मांडा. थकलेला पगार २० महिन्यांच्या आधीचा. आज हुकूम झाला तर २४ महिन्यांच्या खिडकीत तुमच्या पाचपैकी चार महिने बसतात. अजून चार महिने तारखा पडल्या आणि मग हुकूम झाला तर त्यातला एकही महिना बसत नाही, तो पगार घसरून खालच्या पायरीवर, जिथपर्यंत पैसे सहसा पोचत नाहीत. तुम्ही काही चूक केली नाही, कोणी काही चोरलं नाही, फक्त कॅलेंडर सरकलं. तुमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट हीच आहे आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून एवढं लिहिलं. स्टाफमध्ये असाल, कामगार नसाल, तर खिडकी १२ महिन्यांचीच आणि नंबरही एक पायरी खाली.

आताचा जो अर्धा पगार बाकी राहतोय तो वेगळा. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं की या काळात कंपनी चालू होती आणि कामगारानं खरोखर काम केलं हे दाखवता आलं तर तो पगार सीआयआरपीच्या खर्चात, म्हणजे सगळ्यांच्या आधी. नुसतं हजेरीपटावर नाव असून भागत नाही, काम केल्याचं दाखवावं लागतं.

तेव्हा फॉर्म डी भरलाय का बघा, भरला असेल तर त्याची पोच तुमच्याकडे आहे का बघा, युनियनच्या ऑफिसात नाही, तुमच्याकडे. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून कापलेले पैसे जमा झालेत का महिन्यागणिक तपासा. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे लिक्विडेशनच्या वाटपात धरत नाहीत, जेटच्या कामगारांना त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं पण बाजू त्यांची धरली गेली. आणि उद्यापासून शिफ्ट संपली की प्रॉडक्शन शीटचा, मशीन नंबर आणि तुमच्या सहीसकट, फोटो काढत जा. पंचिंग मशीन बंद पडलेलं असेल, अशा कंपन्यांत ते पहिल्या वर्षातच पडतं, तर गेटच्या रजिस्टरचा काढा, आणि तारखेचा रकाना फोटोत नीट येऊ द्या.